नऊ नंबरचा खांदा

कप आपल्या पोरांनी जिंकला ही बातमी दुकानात सव्वाअकराला आली आणि साडेअकराला दादाने शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

मधली पंधरा मिनिटं आनंदाची होती. फायनल काल सायरनमुळे अर्धवट राहिली होती. एक-एक बरोबरी असताना भोंगा वाजला, आणि दोन्ही टीम, रेफरी, बघे सगळे मैदानाकडेच्या खंदकात उतरून गुडघाभर पाण्यात, वरून पाऊस झेलत, दीड तास उभे राहिले. उरलेली वीस मिनिटं आज सकाळी खेळवली. त्यातल्या सातव्या मिनिटाला चिमट्याने बॉल दोन घोट्यांमध्ये पकडला, जागच्या जागी वळला आणि गोलीच्या बगलेखालून आत सारला. घोट्यांत बॉल पकडायच्या या खोडीवरूनच त्याचं नाव पडलेलं. आता ते नाव पेपरात छापून येणार होतं.

हे सगळं दादाच्या मुलाने, बटणने, कटिंगच्या टेबलावर चढून सांगितलं. बटण एकोणीस वर्षांचा, लष्करी कोटांना काजं-बटणं करायच्या कामावर. चिमटा त्याचा चुलतभाऊ, टीमचा कप्तान, पंधरा पुरी व्हायला दोन महिने. मशीनवरच्या दोघी म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दादाचे वडील, मास्तर, आपल्या खुर्चीत हसले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मास्तरांना त्यांची मुलं, सुना, नातवंडं, कुणीच दुसरं काही म्हणत नसे. घर दुकानामागे होतं आणि दुकानातली हाक घरातही चालायची.

“कप चार वाजता, मैदानावरच,” बटण म्हणाला. “आणि हेडमास्तर नाही देणार. पुरवठा कचेरीचे साहेब येतायत. फोटोवालाही येतोय.”

दादाच्या बहिणीच्या, आत्याच्या हातातली कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. तीस वर्षांत कात्री अशी मध्येच थांबल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने दादाकडे पाहिलं. दादा आधीच तिच्याकडे बघत होता.

“बाई, आज तुम्ही दोघी घरी जा,” दादा मशीनवरच्या बायकांना म्हणाला. “आनंदाचा दिवस आहे.”

त्या गेल्या, आणि शटर अर्ध्यावर आलं.

*

टीमच्या अंगातले अकरा शर्ट लष्कराच्या कापडाचे होते.

चोरी म्हणून कुणी केली नव्हती. निदान आत्याने स्वतःला तसंच सांगितलं होतं. दुकानात हिवाळी कोटांच्या अस्तराचे तागे यायचे. एका ताग्यात चाळीस कोटांचं अस्तर बसतं असा कचेरीचा हिशेब होता. आत्याने साचे फिरवून, बाहीच्या वळणात कॉलर घुसवून, चाळीस अस्तरं काढूनही खाली सलग पट्टा उरवायला सुरुवात केली. उरलेलं सगळं पोत्यांत भरून कचेरीत परत द्यायचं, तिथे ते यंत्रात घालून पिंजायचे. चांगलं, सलग, बिनसांध्याचं कापड पिंजायला द्यायचं हे तिच्या हातून होईना. तिने जुन्या चिंध्या पोत्यांच्या तळाशी भरल्या आणि पट्टे कपाटात ठेवले. मग चिमट्याची टीम तीन रंगांच्या गंज्या घालून खेळायला लागली, आणि कपाट उघडलं.

लष्कराच्या कापडात हातभर अंतरावर एक पिवळा धागा विणलेला असे. तो मेणवलेला असायचा, त्यावर कुठलाही रंग चढत नसे. चोरी पकडायला म्हणूनच तो घातलेला. आत्याने दहा शर्टांत तो शिवणीच्या आत दाबला. अकराव्याला कापड कमी पडलं. तो नऊ नंबर, चिमट्याचा. त्याच्या उजव्या खांद्यावरून धागा आडवा गेला. मग धाकटीने, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या सुनेने, चिमट्याच्या आईने, इस्पितळाच्या धुलाईघरात, जिथे ती कामाला होती, सगळे शर्ट गडद लाल रंगवून आणले. धाग्यावर रंग चढला नाही, पण रंगात कालवलेल्या दाट खळीच्या थराखाली तो लपला.

काल दीड तास खंदकात पावसात भिजत उभं राहिल्यावर ती खळ रंगासकट उतरली.

*

“दाखव,” दादा म्हणाला.

चिमटा शर्टातच आला होता. केस ओले, गुडघा सोललेला, चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलेलं नाही. त्याच्यामागे त्याची आई होती. धुलाईघरातून ती तशीच आली होती. हात कोपरापर्यंत पांढरेफटक, सुरकुतलेले.

चिमटा पाठमोरा झाला. खिडकीतून आलेल्या उन्हात त्याच्या खांद्यावर पिवळी रेघ लखलखत होती.

“वरून शाई लाव,” दादा म्हणाला.

“लावली असती. थेंब होऊन घरंगळते. आणि खळ आता चारपर्यंत वाळायची नाही,” आत्या म्हणाली.

“धागा उपस मग.”

“उपसला की जाळी पडेल दादा. जाळी याच्यापेक्षा लांबून दिसते. आणि धागा मुद्दाम काढला म्हणजे कबुलीच झाली.”

“ठिगळ?”

“साहेबाचं अर्धं आयुष्य कापड चिमटीत धरण्यात गेलंय. ठिगळ दिसलं की तो आधी ठिगळाखालीच बघेल. आणि ठिगळाला कापड कुठलं लावू? या दुकानात दुसरं कापड आहे का?”

दादाने कपाळावरून हात फिरवला. तो तसा रागीट नव्हता. गेली दोन वर्षं मात्र त्याचा आवाज नेहमी एक पायरी वर असायचा.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “याला ताप आला. खंदकात भिजला, ताप आला. कप दुसरा कुणी घेईल. शर्ट आता चुलीत जाईल. बाकीच्या दहांत काही दिसत नाही.”

“मला ताप नाहीये काका,” चिमटा म्हणाला.

“येईल. चार वाजेपर्यंत येईल.”

बटण फस्सकन हसला आणि बापाने बघताच गप्प झाला. पण चिमटा हसला नाही. तो आईकडे बघत होता.

“तो जाणार,” धाकटी म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. म्हणूनच आत्याने कात्री खाली ठेवली. धाकटी चिडली की भांडी आपटायची, आणि ते या घराला पेलत होतं.

“अगं, जरा समजून घे—” दादा म्हणाला.

“मला काय समजायचं राहिलंय भाऊजी? साहेबाने धागा पाहिला की दुकानाचं काम जाणार. काम गेलं की सवलतीची यादी जाणार. यादी गेली की आठ दिवसांत बटण आघाडीवर. एवढंच ना? मला यादी पाठ आहे.”

यादी सगळ्यांनाच पाठ होती. लष्कराचं काम करणाऱ्या दुकानातल्या चार माणसांना भरतीतून सवलत मिळत असे. दोन वर्षांपूर्वी ती चार नावं याच टेबलावर लिहिली गेली. पहिलं मास्तरांचं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी बंदूक देणार नव्हतं. पण दुकानाचा कागद आणि त्यावर मास्तरांचं नाव सगळ्यात वर नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग दादा, बटण आणि आत्या; कापणाऱ्याचं नाव असल्याशिवाय कचेरी कामच देत नसे. यादी धाकट्या भावाने लिहिली, कारण घरात त्याचं अक्षर सुंदर. चार नावं झाली, त्याने खाली रेघ मारली, आणि शाई वाळवायला कागद हलवताना म्हणाला, “माझं पुढच्या यादीत.” पुढची यादी निघालीच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याला बोलावणं आलं.

तेव्हापासून धाकटी दुकानात पाऊल ठेवत नसे. मागच्या दाराने घरात यायची आणि मागच्या दाराने कामाला जायची. आज ती पुढून आली होती.

“मग तुला सगळं कळतंय,” दादा म्हणाला, “आणि तरी तू म्हणतेस जाऊ दे. म्हणजे तुझा गेला, आता माझाही जावा. असंच ना?”

“दादा!” आत्या म्हणाली.

“नाही, बोलू दे तिला. दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलीय. एकदा होऊनच जाऊ दे.”

धाकटी टेबलाजवळ आली. कापलेल्या अस्तरांच्या चळतीवर हात ठेवणार होती, तेवढ्यात तिने तो मागे घेतला. हात ओलसर होते.

“चार महिने झाले,” ती म्हणाली. “पत्र नाही. मी दर आठवड्याला लिहिते, ती परत येतात. धुलाईघरात जखमींचे कपडे येतात, तेव्हा मी प्रत्येकाच्या खिशात बघते. परवा एका खिशात पेपर सापडला. आपल्या इथला, पंधरा दिवसांपूर्वीचा. घडी घालून घालून फाटलेला. पत्र पोचत नाही तिथे पेपर पोचतो, भाऊजी. गाड्यांमध्ये गठ्ठ्याने टाकतात म्हणे.” ती थांबली. “यांचा पोरगा कप घेताना यांनी बघावा. मला दुसरं काही नको.”

बाहेर रस्त्यावर पोरांचा घोळका चिमट्याच्या नावाने ओरडत गेला. शटरवर कुणीतरी दोन थापा मारल्या.

“मी जातो ना,” बटण एकदम म्हणाला. “जायचं तर जाईन लढायला. माझ्या वर्गातले सगळे गेलेत. रस्त्यात बायका माझ्याकडे बघतात आणि मला कळतं त्या काय म्हणतायत. त्याला जाऊ द्या मैदानावर.”

“तू काजं कर,” दादा म्हणाला. पण आवाज एकदम खाली आला होता. आत्याला तो आवाज ओळखीचा वाटेना. बहिणीकडे वळून तो म्हणाला, “तू सांग ना तिला. तू कापलंस. तुझ्या हौसेपायी हे झालंय.”

खरं होतं ते. हौस हाच शब्द बरोबर होता. पट्टा उरला की तिला जो आनंद व्हायचा, तो तिने कुणाला सांगितला नव्हता. एका बाजूला बटण, ज्याला तिने पाळण्यात घातलं. दुसऱ्या बाजूला एक फोटो, जो पोचेल की नाही याची खात्री नव्हती. हिशेब सरळ होता. तरी तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“जाऊ दे त्याला.”

“तू पण?”

“मी त्याच्यामागे उभी राहीन. साहेब समोरून कप देतो. खांद्याची मागची बाजू कोण बघतं?”

ते पटण्यासारखं नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

मास्तरांनी काठी जमिनीवर टेकवली. “त्या यादीतून माझं नाव काढ,” ते दादाला म्हणाले. “दोन वर्षांपूर्वीच मी हे म्हणायला हवं होतं. नाव वर दिसलं, बरं वाटलं, गप्प बसलो.”

दादाने बापाकडे पाहिलं. मग धाकटीकडे वळला, आणि त्याने जे केलं ते आत्याने त्याच्याकडून कधी पाहिलं नव्हतं. तो जवळजवळ विनवण्या करू लागला.

“ऐक. जागा रिकामी होते. मी आत्ता दोनच्या आत कचेरीत कागद देतो. तुझं नाव घालतो. धुलाईघर सुटेल, दुकानात बसशील, उद्या बायकांची भरती निघाली तरी तुला हात लागणार नाही. फक्त पोराला आज घरी ठेव.”

“माझं नाव घालू नका,” धाकटी म्हणाली.

“अगं पण—”

“आजच्या दिवशी तर मुळीच घालू नका भाऊजी. वचन द्या.”

दादाला वाटलं, ही सूड घेतेय. आत्यालाही तसंच वाटलं. धाकटीने मुलाच्या अंगातून शर्ट काढून घेतला, इस्त्रीत निखारे भरले, आणि तो उलटा करून, शिवणी दाबत, सावकाश इस्त्री केला. बाह्या झाल्यावर ती शर्ट उन्हात धरून खांद्याकडे जरा वेळ बघत राहिली, जणू एखादं तिकीट नीट वाचून घेत होती.

*

मैदानावर पावणेचारलाच सगळी वस्ती लोटली होती. पुरुष कमी, बायका आणि म्हातारे जास्त. दोन वर्षांत कुठल्याही गर्दीचा चेहरा असाच झाला होता. एका हाताचा रेफरी टेबलावर कापड पसरत होता. कप छोटा होता, एका बाजूला चेपलेला. सायरन वाजला तर कुणी कुठल्या खंदकात जायचं हे कर्णा घेतलेला माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता, आणि प्रत्येक वेळी पोरं त्याची नक्कल करत होती.

आत्या टीमच्या मागे उभी राहायला गेली तर स्वयंसेवकाने तिला हटकलं. “बाई, दोरीच्या पलीकडे.”

“मी याची आत्या आहे.”

“इथे सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आत्याच आहेत. पलीकडे.”

ती दोरीपलीकडे गेली. डावीकडे मास्तर, बटण, उजवीकडे धाकटी. दादा येणार नाही म्हणाला होता. तो आला, पण चार माणसं सोडून मागे उभा राहिला.

साहेब किडकिडीत होते, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. महिन्यातून एकदा ते दुकानात येत तेव्हा आत्याने त्यांचा अंगठा पाहिला होता. कापड तर्जनी आणि अंगठ्यात धरून ते डोळे मिटायचे. आज त्यांनी छोटं भाषण केलं. खेळाडूंकडे पाहून देशाला भरवसा वाटतो, असं काहीतरी. आत्याच्या कानांत शब्द शिरत नव्हते. तिला फक्त उन्हाची तिरीप दिसत होती. ऊन पश्चिमेकडून, टीमच्या पाठीवर येत होतं.

कप्तानाचं नाव पुकारलं. चिमटा पुढे गेला. साहेबांनी कप दिला. इथवर सगळं समोरासमोर होतं, आणि आत्याने श्वास सोडला.

“साहेब, जरा त्याच्या शेजारी या,” फोटोवाला म्हणाला. “हात खांद्यावर ठेवा. हसा की रे! जिंकलात ना?”

साहेब शेजारी गेले आणि त्यांनी चिमट्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. दिवा फटकन पेटला. पोरांनी आरोळी ठोकली. साहेबांचा हात तिथेच राहिला. मग आत्याला दिसलं, अंगठा हलला. रेघेवरून मागे गेला, परत पुढे आला. साहेबांनी डोळे मिटले.

त्यांनी काही गडबड केली नाही. टीमच्या प्रत्येक पोराशी हात मिळवला, आणि प्रत्येकाच्या बाहीला जाता जाता बोट लावलं. मग ते दोरीकडे आले.

“कप्तानाच्या घरचे कोण?”

“आम्ही,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी त्यांना ओळखलं, आत्याला ओळखलं. त्यांचा चेहरा त्रासलेला होता, चिडलेला नव्हता. “शर्ट कुणी केले?”

आत्याला एकच अक्षर म्हणायचं होतं, ‘मी’. तिच्या शेजारी बटण ताठ उभा होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

“मी,” धाकटी म्हणाली.

साहेब तिच्याकडे वळले. “कापड?”

“कातरण उचलली. परत द्यायच्या पोत्यांतून. रात्रपाळीहून येताना मागच्या दाराने, कुणाला न विचारता. पोत्यात जुन्या चिंध्या भरल्या. धुलाईघरात रंगवलं.”

“तुम्ही दुकानात कामाला आहात?”

“नाही. कधीच नव्हते. यादी बघा साहेब, चार नावं आहेत. माझं नाही, माझ्या मालकांचंही नाही. त्यामुळेच तर ते आघाडीवर आहेत.”

आत्याला तेव्हा कळलं. दुपारी इस्त्री करताना धाकटी काय वाचत होती, आणि ‘आजच्या दिवशी तर मुळीच नाही’ हे ती कशासाठी म्हणाली, ते सगळं एकदम कळलं. यादीबाहेरच्या बाईचा गुन्हा दुकानाला लागत नव्हता.

साहेबांची नजर धाकटीच्या पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या हातांवरून आत्याच्या हातावर आली. कात्रीने अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा त्यांना दिसला असणारच.

“कापलंयही तुम्हीच?”

“मीच.”

“फार चांगलं कापलंय,” साहेब म्हणाले. ते आत्याकडे बघून म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. “अकरा शर्ट म्हणजे गुन्हा आहे, बाई. माझ्यासमोर आलाय, मला लिहावाच लागेल. उद्या सकाळी दहा वाजता कचेरीत या. एका माणसाचा जबाब पुरेल. मी दुसऱ्या कुणाला विचारत नाहीये.”

ते गेले. जाताना मास्तरांना त्यांनी मान लववली.

दादा गर्दीतून वाट काढत पुढे आला होता. त्याने किती ऐकलं होतं ठाऊक नाही. चेहऱ्यावरून सगळंच ऐकलेलं दिसत होतं. दोन वर्षांत तो धाकटीच्या इतक्या जवळ उभा राहिला नव्हता.

“मी येतो उद्या,” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर येतो. एकटीला नाही जाऊ देणार.”

“नका येऊ भाऊजी.”

“तुला आत ठेवलं तर? सहा महिने ठेवतात, कमी नाही.”

“तुम्ही आलात की दुकान आलं,” धाकटी म्हणाली. “बटणही आला मग. मी एकटीच जाणार. चिमट्याला तुमच्याकडे जेवायला घाला, तो खूप खातो.”

आत्याने धाकटीचा दंड धरला. सांगायला हवं होतं, आत्ता, साहेब अजून गाडीपर्यंत पोचले नव्हते, हाक मारली तर वळले असते. तिने तोंड उघडलं.

“वन्सं,” धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली, “ते बघा, उचलला त्याला.”

मैदानात दहा पोरांनी चिमट्याला डोक्यावर घेतलं होतं. कप हेलकावत होता, आणि तो आईला शोधत चारी बाजूंना मान फिरवत होता. धाकटीने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागली, त्याला दिसेपर्यंत, तो तिच्याकडे बघून कप हलवेपर्यंत. साहेबांच्या गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. आत्याने धरलेला दंड सोडला आणि तीही टाळ्या वाजवू लागली.